गर्दीत उभं राहणारं ताट द्या

प्रति,
राज्यातल्या कृषी विद्यापीठांतले, लुधियानाच्या भारतीय मका संशोधन संस्थेतले आणि बियाणे कंपन्यांतले मका पैदासकार,

सप्रेम नमस्कार.

मी कन्नड तालुक्यातली शेतकरी. डोंगराच्या पायथ्याला आमचं सहा एकर रान आहे. त्यातल्या चार एकरांवर गेली सोळा वर्षं खरिपात मका असतो. तुमच्यापैकी कुणाला मी प्रत्यक्ष ओळखत नाही. पण एकेका वाणावर तुम्ही आठ-दहा वर्षं घालवता आणि तो वाण शेवटी आमच्या रानात उगवतो, म्हणजे आपलं नातं आहेच. त्या नात्याने लिहिते आहे.

पत्राला निमित्त झालं एका दोरीचं. ओळींत ६० सेंटिमीटर अंतर असेल, तर १६ मीटर ६७ सेंटिमीटर ओळ मोजली की बरोबर दहा चौरस मीटर रान होतं. तेवढी नायलॉनची दोरी मी कापून ठेवली आहे. ती ओळीला लावायची, मक्याची ताटं, म्हणजे उभी झाडं, मोजायची आणि आलेल्या आकड्याला चारशे पाचने गुणायचं. एकरात ताटं किती उभी आहेत ते कळतं. ६० बाय २० वर, म्हणजे ओळींत ६० आणि दोन ताटांत २० सेंटिमीटर ठेवून टोकण केली आणि सगळं उगवलं, तर दोरीत ८३ ताटं यायला हवीत, म्हणजे एकरी साडेतेहतीस हजारांच्या वर. गेल्या खरिपात आमच्या बचत गटातल्या अकरा जणींच्या रानांत मी ही दोरी फिरवली. साठीच्या पुढे दोनच रानं गेली. बाकी सगळीकडे पन्नास ते अठ्ठावन्न. म्हणजे एकरी वीस-तेवीस हजार ताटं.

थोडं बी उगवलं नाही, थोडं पाखरांनी उकरलं, थोडं लष्करी अळीने पोंग्यातच खाल्लं. पण हे सगळं धरूनही एवढी घट होत नाही. खरं कारण मला आमच्या गटातल्या एका मावशींनी सांगितलं. त्यांनी विरळणीच्या वेळी मुद्दाम जास्तीची रोपं उपटली होती. म्हणाल्या, "दाट ठेवला की कणीस बारकं येतं गं. दोन वर्षं करून बघितलं, हातात काही येत नाही." त्या अडाणी नाहीत. त्यांना जो वाण मिळाला, त्याने त्यांना हेच शिकवलं.

तेवढ्यासाठी मी त्याच हंगामात अर्ध्या एकरावर करून पाहिलं. बाजारातले दोन संकरित वाण घेतले, दहा-दहा गुंठ्यांवर, दोन्ही ६० बाय १५ वर. म्हणजे एकरी चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजारांचा हिशेब. बेड एकच, ठिबक एकच, खताची मात्रा आणि हप्ते एकच. पहिला वाण आमच्या भागातला लाडका. रुंद, लोंबती, गर्द पानं, आणि कृषी प्रदर्शनात टांगायला हातभर लांबीचं कणीस. दुसरा दुकानदाराने "हा जरा किडकिडीत दिसतो, पण घ्या" म्हणून दिलेला. पानं अरुंद आणि वर रोखलेली, एखाद्याने हात वर करून उभं राहावं तशी.

चाळीस दिवसांपर्यंत पहिलाच देखणा दिसत होता. येणारेजाणारे बांधावर थांबून बघायचे. पण त्या ओळींत शिरायला लागले की मला जाणवायचं, आत दुपारी बारा वाजताही संध्याकाळ असल्यासारखं. खालची चार-पाच पानं पिवळी पडून गळालेली. ताटं उंच झाली, पेरं लांबली, आणि बुंधा मात्र अंगठ्याएवढाच राहिला. पोळ्याच्या आठ दिवस आधी तुरे बाहेर पडले. मोठे, फांद्याच फांद्या असलेले तुरे. पराग उडायला लागला, पण बगलेतल्या कणसांचे केस काही बाहेर येईनात. पहिल्या दिवशी वाटलं उद्या येतील. सहाव्या-सातव्या दिवशी आले, तोवर तुरे वाळून गेले होते, केसांवर पडून दाणा धरायला पराग उरलाच नव्हता. दोरीतल्या १०८ ताटांपैकी २१ वांझ निघाली. बगलेत नुसतं सालपट, आत बोटभर पांढरा गाभा. बाकीच्यांतही टोकाला दोन-तीन इंच दाणा नाही. पुढे सप्टेंबरात एका रात्री वाऱ्याचा पाऊस झाला आणि सकाळी अर्धं रान आडवं.

दुसऱ्या वाणात मी दुपारी वाकून बघायचे तेव्हा खालच्या मातीवर उन्हाचे कवडसे दिसायचे. खालची पानं हिरवी. तुरा लहान, चार-पाच फांद्यांचा, आणि त्याच्या मागोमाग दोन दिवसांत केस. दोरीत वांझ ताटं सहा. कणीस बेताचं, वीतभर, पण टोकापर्यंत भरलेलं. वाऱ्याने काही ताटं तिरकी झाली, लोळलं काही नाही. मळणी करून वजन केलं तेव्हा पहिल्याचा हिशेब एकरी १९ क्विंटल बसला आणि दुसऱ्याचा ३१.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे पत्र आहे. शेजारच्या रानात तोच पहिला वाण विरळ लावलेला होता, एकरी वीस हजारांच्या आसपास. तिथे त्याची कणसं माझ्या दुसऱ्या वाणापेक्षा कितीतरी मोठी होती. तुम्ही किंवा मी, कुणीही त्या दोन कणसांकडे बघून निवड केली असती, तर पहिलाच उचलला असता. आणि तिथेच चूक झाली असती.

विरळ रानात जिंकणारं ताट आणि गर्दीत जिंकणारं ताट वेगळं असतं. हे मी नवं सांगत नाही, तुमच्या शास्त्रात ते पन्नास वर्षांपासून आहे. अमेरिकेत डोनाल्ड ड्युविक नावाच्या पैदासकाराने १९३० च्या दशकापासूनचे संकरित वाण शेजारी शेजारी पेरून बघितले. हेक्टरी दहा हजार, तीस हजार आणि एकोणऐंशी हजार अशा तीन घनतेवर. विरळ रानात जुन्या आणि नव्या वाणांत फारसा फरक दिसला नाही, दाट रानात मात्र नव्यांनी जुन्यांना कितीतरी मागे टाकलं. म्हणजे साठ-सत्तर वर्षांत तिथल्या पैदासकारांनी एका ताटाची ताकद वाढवली नाही, त्यांनी शेजारी सोसण्याची ताकद वाढवली. १९३० च्या दशकात तिथे हेक्टरी तीस हजारांच्या आसपास ताटं असायची, आज ऐंशी हजारांच्या वर असतात, आणि उत्पादन दीड टनावरून अकरा टनांच्या घरात गेलं. खत, यंत्रं, तणनाशकं यांचाही त्यात वाटा आहेच. पण त्या खताचं सोनं करणारं ताट आधी घडवावं लागलं.

तुम्ही म्हणाल, त्यांचा दिवस लांब, रात्र थंड, हंगाम मोठा. बरोबर आहे. आमच्या खरिपात ढग असतात आणि वाण शंभर-एकशेदहा दिवसांत निघावा लागतो, मागे गहू-हरभरा असतो. त्यांच्या टनांशी बरोबरी मी मागतच नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. कागदावरची आमची शिफारस आजही त्यांच्या घनतेच्या जवळपास आहे, पण आमच्या रानात ती उतरत नाही, कारण बहुतेक वाणांना ती झेपत नाही. देशाचं सरासरी उत्पादन हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास अडकलं आहे. त्यात कोरडवाहू रानं आहेत, हलक्या जमिनी आहेत, अळी आहे. आणि दाट लावायला घाबरलेले शेतकरीही आहेत.

ताट शेजाऱ्याला कसं ओळखतं हे वाचलं, तेव्हा मी थक्क झाले होते. हिरवं पान सूर्यप्रकाशातला लाल भाग शोषून घेतं आणि त्याच्या पलीकडचा दूर-लाल भाग परत फेकतं. शेजारची पानं जवळ आली की ताटाच्या अंगावर हा दूर-लाल प्रकाश जास्त पडायला लागतो. म्हणजे सावली पडायच्या आधीच त्याला कळतं की गर्दी झाली आहे. मग ते घाबरतं, उंच धावतं, बुंध्यातलं अन्न उंचीत घालतं, मुळं आखडती घेतं. जंगलात हे शहाणपण आहे, तिथे शेजाऱ्याच्या वर डोकं काढलं नाही तर मरण. रानात मात्र हाच स्वभाव आमच्या मुळावर येतो, कारण सगळीच ताटं सारखी धावतात आणि कुणीच वर निघत नाही. तुम्ही ज्याला दाट लागवडीला सहनशील म्हणता, ते ताट म्हणजे शेजारी दिसला तरी न बिथरणारं ताट.

दुसरी गोष्ट अन्नाच्या वाटणीची. अडचण आली की मक्याचं ताट आधी शेंड्याच्या तुऱ्याला जेवू घालतं, कणीस शेवटच्या पंगतीला बसतं. गर्दीत, दुष्काळात, नत्र कमी पडलं तर, दर वेळी हेच. म्हणून तुरा वेळेवर येतो आणि केस मागे पडतात. ड्युविकच्या त्या जुन्या-नव्या वाणांत तुरा लहान होत गेलेला दिसतो, तुरा आणि केस यांतलं अंतर कमी होत गेलेलं दिसतं, वरची पानं उभी होत गेलेली दिसतात, आणि पीक उशिरापर्यंत हिरवं राहिलेलं दिसतं. कणसाचा आकार तिथे मुख्य नव्हता. कणीस नसलेलं ताट उरू द्यायचं नाही, हे मुख्य होतं.

पानाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते मी रोज हाताळते. मक्याचं एक पान खालून धरून हलकेच ताटापासून ओढून बघा. पानाचं आवरण जिथे संपतं आणि पातं सुरू होतं, तिथे आत पातळ पापुद्र्यासारखी जीभ असते, आणि दोन्ही बाजूंना फिकट पिवळसर त्रिकोणी पट्टे. पातं किती झुकेल हे त्या बोटभर जागेत ठरतं. पट्टा मोठा असला की पान बिजागरीवरच्या दारासारखं बाहेर पडतं. ती जीभ आणि ते पट्टे नीट तयारच न होणारी ताटं असतात, त्यांची पानं जवळजवळ सरळ उभी राहतात. या गुणाची जनुकं मक्यात खूप जुन्या काळापासून माहीत आहेत. १९६८ साली इलिनॉयमध्ये पेंडलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उभ्या पानांच्या मक्याची साध्या मक्याशी तुलना केली. शिवाय साध्या मक्याची कणसावरची पानं हाताने वर करून बांधून ठेवली. दोन्हीकडे उत्पादन वाढलं. पान बांधून बघणारा शास्त्रज्ञ मला फार जवळचा वाटतो.

२०१९ मध्ये चीनच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी पानाचा कोन ठरवणारा एक बारीक फरक शोधला, जनुकाच्या अलीकडे डीएनएच्या फक्त दोन अक्षरांचा. उभं पान देणारं त्याचं रूप त्यांना मक्यात सापडलंच नाही, ते मक्याच्या रानटी पूर्वजाकडे सापडलं. आपल्याकडे मकचरी म्हणून जनावरांना चाऱ्याला लावतात ना, त्याच कुळातलं. माणसाने मका माणसाळवला तेव्हा ते रूप मागेच राहून गेलं होतं. ते आधुनिक वाणात परत आणल्यावर दाट लागवडीत उत्पादन वाढलं. पुढे २०२४ मध्ये त्याच विद्यापीठातून आणखी एक काम आलं. त्यातल्या ताटाची वरची पानं उभी, मधली थोडी झुकलेली आणि खालची आडवी असतात. ऊन वरून झिरपत खाली येतं आणि खालच्या पानात अडतं. वाचताना मला माझ्या रानातले कवडसे आठवले.

आता उष्ण कटिबंधातल्या मक्याबद्दल, कारण इथेच बहुतेकदा मान हलवली जाते. आपला मका मुळातच उंच, पानाळ, मोठ्या तुऱ्याचा, त्याला दाट लागवड सोसत नाही, असं मी एका शिबिरातही ऐकलं. पण मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधारणा केंद्राने हेच करून दाखवलं आहे. तुश्पेन्यो हा तिथल्या उष्ण सखल भागातला उंच मका. त्यात त्यांनी फक्त बुटकी ताटं निवडत पंधरा चक्रं केली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ताटाची उंची पावणेतीन मीटरच्या वरून एक मीटर ऐंशीच्या आसपास आलेली दिसते. लोळणं कमी झालं, वांझ ताटं कमी झाली, आणि त्या मक्याला मानवणारी घनता वाढून उत्पादनही वाढलं. बाहेरून कुठलं जनुक आणलं नव्हतं. जे होतं त्यातूनच धीराने निवडलं. आपल्या हवामानाला जवळचं असं हे उदाहरण चाळीस वर्षांपासून समोर आहे.

आणि धीराचंच बोलायचं तर ली देंगहाई यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. चीनच्या शांतुंग प्रांतातल्या लायचौचे ते शेतकरी. १९७२ पासून गावातल्या रानात मक्याची पैदास करत आले. मोठ्या विद्यापीठात शिकून आलेले नव्हेत. आटोपशीर, उभ्या पानांचा मका हाच त्यांनी ध्यास घेतला. १९८९ मध्ये त्यांच्या येदान १३ या वाणाने हेक्टरी सोळा टनांच्या वर उत्पादन दिलं. २००५ मध्ये त्यांच्याच दुसऱ्या वाणाने एकवीस टन ओलांडले, म्हणजे आपल्या भाषेत एकरी पंच्याऐंशी क्विंटल. हे विक्रमी प्लॉटचे आकडे आहेत, मला ठाऊक आहे. पण त्यांनी तयार केलेल्या ये ४७८ या जनक वाणातून, म्हणजे संकराचा आई किंवा बाप होणाऱ्या वाणातून, पुढे चेंग ५८ निघाला, आणि त्या चेंग ५८ च्या पोटी २००० साली आलेला चेंगदान ९५८ हा संकरित वाण पुढची अनेक वर्षं चीनमध्ये सर्वांत जास्त क्षेत्रावर होता. एका शेतकऱ्याच्या रानातला जनक वाण देशाच्या रानांत पोहोचला, कारण तिथल्या संस्थांनी तो उचलला.

आपल्याकडे काही कमी नाही. पिकांचे समन्वित संशोधन प्रकल्प देशात सुरू झाले तेच मुळी मक्यापासून, १९५७ साली. १९६१ मध्ये गंगा, रणजित, डेक्कन हे पहिले संकरित वाण आले. कोल्हापूरला मका संशोधन केंद्र आहे. हैदराबादला हिवाळी रोपवाटिका आहे, म्हणजे वर्षाला एकाऐवजी दोन पिढ्या. कर्नाटकातल्या कुणीगलला तर २०२१ पासून दुहेरी अगुणित पद्धतीने जनक वाण करून देणारी सोय उभी आहे. ज्या शुद्ध जनकाला एरवी सहा-सात पिढ्या लागायच्या, तो आता दोन हंगामांत होतो. वेळ वाचवायची एवढी साधनं आहेत. मग तो वाचलेला वेळ नेमका कुठल्या रानात निवड करण्यावर खर्च होतो, एवढंच मला विचारायचं आहे.

माझी पहिली मागणी तीच. जनक वाणांची निवड सुरुवातीपासून गर्दीत करा. संकर तयार झाल्यावर शेवटच्या चाचणीत घनता वाढवून बघणं म्हणजे मुलाला वीस वर्षं घरात ठेवून एकदम बाजारात सोडण्यासारखं आहे. पहिल्या-दुसऱ्या पिढीतच ओळी एकरी पन्नास हजारांच्या हिशेबाने टोका. ज्या गर्दीत आम्ही पेरणार त्याहून जास्त गर्दीत तुम्ही निवडा. जी वांझ राहतात ती जाऊ द्या, जी लोळतात ती जाऊ द्या, ज्यांचे केस तुऱ्यामागे पाच दिवस रखडतात ती, कितीही देखणी असली तरी, जाऊ द्या. यात पहिली काही वर्षं तुमची बरीचशी लाडकी ताटं बाद होतील. होऊ द्या.

दुसरी मागणी बॅगेवरच्या कागदाची. वाणाचं नाव, कालावधी, दाण्याचा रंग, प्रति हेक्टर इतके क्विंटल, एवढं छापलेलं असतं. माझ्या हातात आलेल्या एकाही बॅगेवर हा आकडा कुठल्या घनतेचा, हे लिहिलेलं नव्हतं. एकरी पंचवीस हजारांवर किती, पस्तीसवर किती, पंचेचाळीसवर किती, असे तीन आकडे द्या. पंचेचाळीसवर वाण कोसळत असेल तर तेही छापा. आम्ही तो वाण टाकून देणार नाही, कोरडवाहू रानात विरळ लावू. मावशींनी दोन हंगाम गमावून जे शिकलं, ते त्यांना बॅगेवर वाचता आलं असतं.

कोरडवाहूचा विषय निघालाच आहे. आमच्या निम्म्या गटाकडे ठिबक नाही. ऑगस्टात पावसाने पंधरा दिवस दडी मारली की दाट मका आधी करपतो, हे खरं आहे, आणि अशा रानात मी कुणालाही पंचेचाळीस हजार लावा म्हणणार नाही. पण दुष्काळात होतं काय, तर तेच, तुरा आला आणि केस रखडले. तुरा-केसांतलं अंतर कमी असलेलं ताट दोन्हीकडे तगतं. मेक्सिकोतल्या त्याच केंद्राने पुढे दुष्काळ सोसणारा मका निवडताना याच अंतरावर लक्ष ठेवलं होतं. म्हणून गर्दीतली निवड ही फक्त बागायतदारांची चैन आहे असं कुणी समजू नये.

चाऱ्याचंही ऐकून घ्या, कारण तुम्हाला शेतकरीच सांगत असणार की आम्हाला रुंद पानाचा उंच मका हवा. दावणीला दोन म्हशी असलेल्या घराला चारा लागतोच, आमच्याही घराला लागतो. पण अरुंद पानांची पंचेचाळीस हजार ताटं आणि रुंद पानांची बावीस हजार ताटं यांचा चारा एकदा वजन करून बघा. मी दोन्हीकडचे दहा-दहा चौरस मीटर कापून, वाळवून तोलले. दाट रानाचा भारा जड भरला. ताटामागे चारा घटतो, एकरामागे घटत नाही, आणि बायकांना ताटं सोंगताना बारीक बुंधा हाताला सोपा जातो. हे शेवटचं तुमच्या कुठल्या नोंदवहीत नसेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

बियाण्याचा खर्च मात्र खरोखर अडचणीचा आहे. एकरी चार किलोच्या दोन बॅगा लागायच्या तिथे तीन लागतात. हमीभाव २०२५-२६ साठी २४०० रुपये जाहीर झाला, पण आमच्या बाजारात ओल्या मक्याला त्याच्या किती खाली बोली लागते हे आम्हीच जाणतो. अशा वेळी तिसरी बॅग घ्यायला माणूस कचरतो. म्हणून विद्यापीठांना माझी विशेष विनंती आहे की दाट लागवडीचे वाण सार्वजनिक क्षेत्रातूनही यावेत, परवडणाऱ्या दरात यावेत, आणि त्यांचं बियाणं नुसतं जाहीर न होता वेळेवर दुकानात पोहोचावं. कंपन्यांतल्या पैदासकारांना राग येऊ नये. माझा चांगला निघालेला वाण कंपनीचाच होता. पण तो माझ्या हाती दुकानदाराच्या अंदाजाने लागला, माहितीने नाही.

इथेनॉलमुळे मक्याला मागणी वाढली, कोंबडीखाद्याला तर पहिल्यापासून आहेच. मागणी वाढली की क्षेत्र वाढवा म्हणतात. आमच्या तालुक्यात मक्याने बाजरी घालवली, आता तुरीवर आला आहे. आणखी रान आणायचं कुठून? आहे त्याच एकरात जास्त ताटं उभी राहिली आणि प्रत्येकाच्या बगलेत वीतभर भरलेलं कणीस असलं, तर माझ्या चार एकरांतलं एक एकर मी पुन्हा तुरीला देईन. घरात डाळ विकत आणायला मला लाज वाटते.

आता माझ्याकडून काय देऊ शकते ते सांगते. विहिरीजवळचं वीस गुंठे रान मी तीन खरीप तुमच्यासाठी ठेवायला तयार आहे. मध्यम काळी जमीन, निचऱ्याची, ठिबक जोडलेलं. तुमचे सहा-सात संकर पाठवा, नाव न लिहिता नुसते क्रमांक टाकून. मी ते तीन अंतरांवर, ६० बाय ३०, ६० बाय २० आणि ६० बाय १५ वर, स्वतः टोकीन. दोन-दोन बी टाकून दहाव्या दिवशी विरळणी करीन, म्हणजे खाडे राहणार नाहीत. कडेच्या ओळी मोजणीत धरणार नाही. तुरा कधी आला, केस कधी आले याची ताटागणिक नोंद रोज सकाळी करीन, आणि वांझ ताटं, लोळलेली ताटं, दाण्यातली ओल, वजन सगळं वहीत लिहीन. गटातल्या अकराही जणी पीक पाहायला आणि मोजायला येतील. मावशींना मी आधीच सांगून ठेवलं आहे. नुकसान झालं तर त्या वीस गुंठ्यांची भरपाई मागणार नाही.

मृगाचा पाऊस झाला की आम्ही आठवड्याभरात पेरतो. बियाणं मेअखेर हाती आलं तर बेड तयार असतील आणि दोरी खुंटीला आहेच.

आपली,
कन्नड तालुक्यातली एक मका उत्पादक